पंख कापणाऱ्या टीचर

आमच्या गावठाणात टीचरचं नाव निघालं की कोणीतरी दोन बोटांची कात्री करून हवेत चालवतं आणि बाकीचे हसतात. मला त्या बोटांना कडकडून चावावंसं वाटतं. टीचरना जाऊन आता काही वर्षं झाली, तरी ती कात्री चालूच आहे. त्यांच्या मयताच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तर कमाल झाली. ज्या आंटींनी त्यांना मुलांच्या वर्गातून काढायला लावलं, त्याच आंटी माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्या टीचर म्हणजे प्रेमाचा झरा होत्या." झरा! टीचरना ऐकू गेलं असतं तर पेटीत उठून बसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, "कोण बोललं गं हे? पुढे ये."

प्रेमळ त्या अजिबात नव्हत्या. खडूस होत्या, हट्टी होत्या, आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायची त्यांना जन्मखोड होती. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली होती. लाइन जोडायची आणि लाइन तोडायची, एवढंच आयुष्यभर केलं, आणि रिटायर झाल्यावर जोडायचं तेवढं विसरल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर "वेळ नव्हता" म्हणायच्या. मी वर्गात त्यांची मदतनीस होते, आणि घरी जाताना मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या नाहीत असा रविवार मला आठवत नाही. आज लिहितानाही माझा राग गेलेला नाही. फक्त आता तो बऱ्याच जणांत वाटला गेलाय.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला. एका अंगाला मेट्रोचे खांब, दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारतींतल्या कंपन्या आणि मध्ये आमची बुटकी घरं, चौकातला क्रूस आणि देऊळ, म्हणजे आमचं चर्च. रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. इंग्रजीचे वर्ग शाळेच्या इमारतीत, बाकांवर, पंख्याखाली. मराठीचा वर्ग एकच, तोही सगळ्यात लहान मुलांचा, आणि तो देवळामागच्या खोलीत. तिथे शिड्या, सणाची तोरणं आणि नाताळच्या गोठ्यातल्या कान तुटलेल्या मेंढ्या ठेवलेल्या असायच्या. मराठीत देव शिकणारी मुलं कोणाची? रिक्षावाल्यांची, घरकामाला जाणाऱ्या बायकांची, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची. त्यांना बाक कशाला हवेत, असं कोणी तोंडाने म्हणत नव्हतं, पण बाक कधी आलेही नाहीत. टीचरनी दर वर्षी मागितले आणि दर वर्षी भांडण करून परत आल्या. मग त्या स्वतःच जमिनीवर बसायला लागल्या. कोणी मोठं माणूस वर्गात आलं की त्यालाही चपला काढून खाली बसवायच्या, मग ते फादर का असेनात.

वर्ग चालायचा चित्रांच्या पुस्तकांवर. पुस्तकं इंग्रजी असायची, म्हणून टीचर खालच्या ओळींवर खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. एखाद्या हुशार पोराने अक्षरं लावत वाचायला सुरुवात केलेली त्यांना खपत नसे. "आधी बघायचं. तोंड नंतर," असं म्हणून पुस्तक मध्ये ठेवायच्या, आणि पोरं पोटावर पडून, कोपरं टेकून नुसती बघत बसायची. बराच वेळ. मला तेव्हा अवघडल्यासारखं व्हायचं, काहीतरी शिकवावं असं वाटायचं. मी तोंड उघडलं की टीचरचा हात वर यायचा.

नवीन पुस्तक आलं की त्या त्याची परीक्षा घ्यायच्या. समोर जे पोर असेल त्याला विचारायच्या, "यात घाबरलेलं कोण आहे, दाखव." पोराने बोट ठेवलं तर पुस्तक पास. कोणीच घाबरलेलं सापडलं नाही तर नापास. बहुतेक पुस्तकं नापासच व्हायची, कारण हल्लीच्या पुस्तकांत सगळे हसत असतात. सिंहांच्या खड्ड्यातला दानिएल हसतो, सिंहसुद्धा हसतात. एकदा सणाला देवळाबाहेर लागलेल्या स्टॉलवर त्यांनी माशाच्या पोटातला योना पाहिला. मेणबत्ती लावून, मांडी घालून, मजेत बसलेला.

"हा माशाच्या पोटात आहे की हॉटेलात?" त्यांनी स्टॉलवाल्याला विचारलं.

"टीचर, मुलांना हॅपी चित्रं आवडतात ना."

"मुलांना नाही, तुला आवडतात. तुला विकायचीत."

"अहो पण घाबरवायचं कशाला लहान पोरांना?"

"पोरं घाबरलेलीच असतात रे! या पुस्तकांत त्यांना दिसतं, बाकी कोणीच घाबरत नाही, आपणच घाबरट. मग गप्प बसतात." आणि तेवढ्या गर्दीत त्यांनी योनाचं पुस्तक उलटं करून ठेवलं, जाताना बाकीचीही दोन उलटी केली. मी शरमेने आइस्क्रीमच्या गाडीमागे गेले होते.

येशूच्या होडीवरच्या वादळाच्या गोष्टीला त्या टेबल होडीसारखं उलटं टाकून पोरांना आत बसवायच्या आणि बाहेरून हलवायच्या, पोरं खरोखर किंचाळेपर्यंत. त्यानंतर एका मुलाने म्हणे आठवडाभर बादलीतल्या पाण्याने आंघोळ करायला नकार दिला. त्याची आई तक्रार घेऊन आली. टीचर म्हणाल्या, "छान. त्याला समजलं." ती बिचारी चूक आपलीच असल्यासारखी परत गेली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते नोहाचं तारू, देवाने जग बुडवलं तेव्हा थोड्यांना वाचवणारं. पुस्तकात जिराफ, हत्ती, इंद्रधनुष्य, सगळं होतं. टीचरनी विचारलं, "बाहेर कोण राहिलं?" पोरं बघायला लागली. चित्रात बाहेर कोणीच नव्हतं, नुसतं निळं पाणी. "सांगा ना, बाहेर कोण राहिलं?" मग शेरॉन नावाची सहा-सात वर्षांची मुलगी, वर्गातली सगळ्यात बडबडी, म्हणाली, "आमच्या गल्लीतला वॉचमन. तो झोपला असेल."

"मग?"

"त्याला आत घेऊ या ना, टीचर."

"जागा कुठे आहे?"

तर पोरांनी तारवाला कागद जोडला. वॉचमन आत आला. पुढच्या रविवारी गल्लीतला लंगडा कुत्रा आला, मग कोणाची तरी आजी, मग दारावर मासे घेऊन येणारी कोळीणमावशी. तिच्यावरून वाद झाला. एक जण म्हणाला, "मावशी तर हिंदू आहे, तिला घ्यायचं?" टीचर म्हणाल्या, "तिच्याशिवाय आत खाणार काय, कप्पाळ?" मावशी टोपलीसकट आत आली. कागद जोडता जोडता तारू भिंतभर झालं, दार ओलांडून पुढच्या भिंतीवर गेलं. त्याच वेळी आंटी आत डोकावल्या.

आंटी म्हणजे आमच्या पॅरिश कमिटीतलं मोठं प्रस्थ. कोणाच्याही घरी मयत झालं की सगळ्यात आधी पोचायच्या आणि रोझरीची जपमाळ सांगायच्या. त्या भिंत बघून म्हणाल्या, "टीचर, बायबलमध्ये तारवात आठच माणसं आहेत."

"हो. म्हणून तर देवाला परत कधी असं करणार नाही म्हणावं लागलं," टीचर म्हणाल्या, आणि डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

मला वाटायचं, ही बाई स्वतःच्या हाताने खड्डा खणतेय. जरा गोड बोललं तर काय बिघडतं? मला तर त्यांनी पहिल्याच दिवशी रडवलं होतं. मी घरी आरशासमोर तयारी करून, आवाज बदलून, हातवारे करून जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनीची गोष्ट सांगत होते, आणि टीचर मुलांसमोर म्हणाल्या, "बस. तू गोष्ट सांगत नाहीयेस, जाहिरात करतेयस." मी आठवडाभर धुमसत होते. पुढच्या रविवारी भांडायचं ठरवूनच गेले, तर त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "उशीर केलास. पोरं वाट बघतायत." भांडण राहूनच गेलं.

मग शेरॉनची धाकटी बहीण गेली.

सव्वा वर्षाची पोर. ताप आला, अंगावर काढला नाही, हॉस्पिटलात नेलं, तरी गेली. शेरॉनचे वडील शाळेची व्हॅन चालवायचे, आई घरी ब्लाउज शिवायची. आमच्यात एवढं लहान, बाप्तिस्मा झालेलं मूल गेलं की काळं काही नसतं. पेटी पांढरी, फादरांचा झगा पांढरा, फुलं पांढरी. मूल निष्पाप, ते सरळ देवाकडे जातं. यात मला काही खटकत नाही, उलट बरं वाटतं. पण आंटी तिथे होत्या. आई पेटीवर वाकली, तिच्या तोंडून पहिला हुंदका फुटतोय तोच आंटींनी तिचा खांदा घट्ट धरला. "रडायचं नाही गं. देवदूत झालीय ती. तू रडलीस तर तिचे पंख भिजतील. ओल्या पंखांनी वर कशी जाणार?"

हे आमच्याकडे जुन्या बायका म्हणतात. मीही लहानपणी ऐकलंय. कोणी मुद्दाम वाईट म्हणून म्हणत नाही. पण ती आई तो हुंदका गिळून ताठ बसली, आणि सगळ्या घराने तिचं कौतुक केलं. "काय धीर आहे बाईला!" शेरॉन आईच्या शेजारीच उभी होती, हातात मेणबत्ती घेऊन. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

पंधरवड्यात ती वर्गात परत आली. बडबड बंद. आम्हाला वाटलं, होणारच. त्याच सुमारास आंटींच्या पुढाकाराने सगळ्या वर्गांना नवी कोरी पुस्तकं आली, जाड, गुळगुळीत कागदाची. मराठीच्या वर्गालासुद्धा, हे आंटींनी दोनदा बोलून दाखवलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक गुबगुबीत देवदूत, पाठीला मोठे पांढरे पंख, बोटाने गोष्ट दाखवणारा. टीचरनी पुस्तक चाळलं आणि म्हणाल्या, "नापास." पण वापरावं लागणार होतं, फादरनी तसं सांगितलं होतं. शेरॉन आपलं पुस्तक उघडायची नाही. त्याच्यावर बसायची.

आणखी काही रविवार गेले. पोरगी वाळत चालली. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांकडे नेलं, टॉनिक दिलं. आई म्हणायची, जेवत नाही नीट. एका रविवारी टीचरचं लक्ष भिंतीशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांकडे गेलं. माझं कधी गेलं नव्हतं. वर्ग संपत आला होता, सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या किंवा अर्ध्या, शेरॉनची गळ्यापर्यंत भरलेली.

"पाणी पी," टीचर म्हणाल्या.

"नको."

"पी म्हणते ना."

"नको टीचर." आणि तिने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

टीचरनी मला खूण केली. मी बाकीच्या पोरांना अंगणात काढलं आणि दारात उभी राहिले. एक डोळा पोरांवर, एक आत. शेरॉन टीचरच्या कानाशी तोंड नेऊन, हाताचा आडोसा करून काहीतरी सांगत होती. खूप वेळ सांगत होती. आणि टीचरनी तिला एकदाही तोडलं नाही. कोणाचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं, आता या पोरीला ओरडणार.

त्या उठल्या. तोरणांच्या खोक्यातून दोन कात्र्या काढल्या, एक मोठी, एक बोथट. पुन्हा खाली बसल्या, शेरॉनच्या बुडाखालचं पुस्तक ओढून काढलं आणि पहिलं पान उघडलं.

"हे कोणी काढलंय माहितीय? एका माणसाने. ऑफिसात बसून. तो गेला होता वर बघायला?"

शेरॉनने नाही म्हणून मान हलवली.

"मग काप."

दोघींनी मिळून त्या देवदूताचे पंख कापले. मग दुसऱ्या पानावरचे, मग तिसऱ्या. एक पुस्तक झालं तर टीचरनी कपाट उघडून वर्गातली सगळी पुस्तकं काढली. पोरं दारातून आत घुसली, "टीचर, आम्ही पण?" "नाही. हे आमच्या दोघींचं काम आहे." सगळे बसून बघत राहिले. जमिनीवर पांढऱ्या कपट्यांचा ढीग झाला. पंख नसलेले देवदूत म्हणजे झगा घातलेली साधी पोरं दिसत होती, आमच्या गल्लीतल्यासारखी. शेवटचं पुस्तक झालं तेव्हा शेरॉन उठली, भिंतीपाशी गेली आणि बाटली तोंडाला लावली. घटाघटा प्यायली. पाणी गळ्यावरून फ्रॉकवर ओघळत होतं, तरी थांबेना.

पोरं गेल्यावर मी टीचरवर तुटून पडले. "डोकं फिरलंय का तुमचं? आंटींनी आणलेली पुस्तकं आहेत ती!"

तेव्हा त्यांनी सांगितलं. शेरॉन एकदा बाथरूममध्ये रडली होती. एकदाच. तेव्हापासून तिला वाटत होतं की बहिणीचे पंख भिजले, ती अर्ध्या वाटेवरून खाली पडली, आणि ते आपल्यामुळे झालं. पुन्हा रडू येऊ नये म्हणून तिने पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं, अगदीच राहवेना तेव्हा एखादा घोट घ्यायची. पाणीच नसेल तर डोळ्यांत येणार कुठून? घरी ग्लास दिला की ती तो मोरीत ओतायची.

मग मला जो राग आला तो आजवर तसाच आहे. "मी आत्ता जाते आंटींकडे," मी म्हणाले.

"कुठेही जाणार नाहीस."

"का?"

"तिने मला सांगितलंय. गावाला नाही. आंटींना कळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. मग त्या आईला कळेल की आपण धीराने बसलो आणि बाजूला आपली दुसरी पोर सुकत होती. अजून एक गिळायला लावू तिला?" मग म्हणाल्या, "आंटींचाही पहिला मुलगा असाच गेला होता. त्यांनाही कोणीतरी तेच सांगितलं असणार."

"म्हणून सोडून द्यायचं?"

"सोडतंय कोण? म्हणून तर मला आंटींचा जास्त राग येतो. माहीत असून सांगतात." आणि बोट रोखून म्हणाल्या, "तुझ्या तोंडून बाहेर पडलं तर तुझं तोंड बघणार नाही." त्या संध्याकाळी त्या शेरॉनच्या घरी गेल्या. पोरीच्या अंगात पाणी कमी झालंय, समोर बसवून पाजत जा, एवढंच आईला सांगून आल्या.

पुस्तकांचं लपून राहणार नव्हतंच. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये मिटिंग बोलावली. कमिटी, काही पालक, फादर. आंटींनी एक पुस्तक उंच धरलं. प्रत्येक देवदूताच्या पाठीमागे दोन भोकं, आणि भोकांतून पुढच्या पानावरचं कुणाचं नाक, कुणाचा उंट दिसत होता. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तीच ती बोटांची कात्री तेव्हा पहिल्यांदा चालली.

"ही देवाची विटंबना आहे," आंटी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. गंमत बघा, स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी चालत होतं.

फादर माणूस चांगला होता, पण भांडणाला घाबरायचा. "टीचर, काहीतरी कारण असेल ना? फक्त कारण सांगा. विषय संपवून टाकू."

मी टीचरकडे बघत होते. एक वाक्य. एका वाक्यात सगळा हॉल गप्प झाला असता.

"पंख चुकीचे होते," टीचर म्हणाल्या.

"चुकीचे म्हणजे?"

"गब्रिएल देवदूत मरियेकडे आला त्या ओळींत पंख कुठे आहेत, दाखवा."

"आणि सेराफिम देवदूतांना सहा पंख आहेत ते?" आंटी ओरडल्या.

"मग सहा काढायचे होते. दोनच का काढले?"

हॉल हसला. फादरसुद्धा हसले, आणि तिथेच टीचर हरल्या. हसून झाल्यावर लोकांनी ठरवलं की वय झालंय, डोकं ठिकाणावर नाही. फादर म्हणाले, "टीचर, तुम्ही खूप केलंत. आता जरा विश्रांती घ्या." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी उठलेही. टीचरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी पुन्हा बसले.

बाहेर रस्त्यावर मात्र मी त्यांना गाठलं. रिक्षावाले बघत होते, मला पर्वा नव्हती. "स्वतःचा वर्ग घालवलात! आता ती पोरं कोणाच्या हातात जाणार? शेरॉन कोणाच्या कानात सांगणार?"

"तुझ्या."

"मला नाही यायचं तुमच्यासारखं!"

"माझ्यासारखं करूच नकोस. तू कान दे, तेवढं जमेल." आणि निघून गेल्या. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पोरीचं गुपित राखलं, मान्य. पण त्या हॉलमधल्या एकाही माणसाला कळलं नाही की आपल्यात सहज बोलल्या जाणाऱ्या वाक्याने एक पोर मरणाच्या दारात गेली होती. ते सगळे शुद्ध मनाने घरी जाऊन डुकराच्या मटणाचं सोरपोतेल जेवले. याचा मला राग येतो, आणि त्या रागाला जायला जागा टीचरनी ठेवली नाही.

वर्ग माझ्याकडे आला. भोकांची पुस्तकं गेली, तशीच दुसरी आली, पंखांसकट. मी दर रविवारी कात्रीची आठवण काढायचे आणि पुढचं पान उलटायचे. शेरॉन पुस्तक उघडायला लागली होती. कोपऱ्यातल्या देवदूतावर अंगठा दाबून ठेवायची आणि उरलेलं चित्र बघायची. पाणी प्यायची, जेवायची, अंगाने भरली. पण रडली नाही. तिची आईही नाही. देवळात दिसायची तेव्हा डोळे कोरडेठाक, आणि लोक अजून धीराचं कौतुक करत होते. मला वाटायचं, टीचरनी पंख कापले ते फुकटच गेले. पोर जगली, पण गप्पच राहिली.

नोव्हेंबरातला मृतांचा दिवस आला. त्या दिवशी आमचं सगळं गावठाण दफनभूमीत असतं. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, अगरबत्त्यांचा धूर, धुतलेल्या कबरी, आणि भिंतीपलीकडे काचेच्या कंपन्यांच्या इमारती. फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत येतात आणि मागून सगळे प्रार्थना म्हणत चालतात. लहान मुलांच्या कबरी एका कोपऱ्यात आहेत, तिथे जायला एकच अरुंद फरसबंद वाट. बाकी सगळीकडे माती, आणि आदल्या रात्री अवेळी पाऊस झाल्यामुळे तिचा चिखल. शेरॉन, तिची आई आणि मी तिथे होतो. वडील फुलं आणायला गेले होते. टीचर थोड्या अंतरावर आपल्या आईवडिलांच्या कबरीवरचं शेवाळ खरवडत होत्या. आम्हाला बघूनही त्यांनी बघितलं नाही.

शेरॉनने मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा विझली आणि पोरीचा चेहरा वाकडा झाला. आधी आवाजच नव्हता. मग आला. दोन-तीन महिने साठलेलं सगळं एकदम आलं. ती भोकाड पसरून रडायला लागली, नाक गळत होतं, श्वास लागत नव्हता.

आंटी बाजूच्याच कबरीपाशी रोझरी सांगत होत्या. लगबगीने आल्या. "अरे अरे, बाळा, काय सांगितलं होतं मी? छोटीचे पंख..."

"तिला पंख नाहीयेत!" शेरॉन किंचाळली. अख्ख्या दफनभूमीला ऐकू गेलं. "पंख नाहीयेत तिला! तिला चालता येत होतं! ती चालत गेली!"

माझ्या शेजारी शेरॉनची आई उभी होती. तिने एकदा लेकीकडे पाहिलं. मग हळूहळू गुडघ्यांवर आली, त्या छोट्या कबरीवर पालथी पडली आणि तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. "चालत होती गं माझी बाय, चालत होती," एवढंच ती परत परत म्हणत होती. शेरॉन तिच्या पाठीला बिलगली. दोघी एकमेकींना धरून मोठमोठ्याने रडत होत्या.

आंटी भानावर आल्या. त्यांचा हात पुढे झाला, आईच्या खांद्याकडे. मी मध्ये पडणार, तेवढ्यात टीचर तिथे होत्या. एवढ्या झपाट्याने त्या कशा आल्या कोण जाणे. हात शेवाळाने हिरवे झालेले, साडीचा काठ चिखलात. त्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, त्या दोघींकडे पाठ करून आणि गावाकडे तोंड करून. दोन्ही हात पसरले.

"पलीकडून जा," त्या आंटींना म्हणाल्या.

"अहो पण तिला सावरायला..."

"पलीकडून."

आंटी मागे सरल्या. मला वाटतं त्या स्वतःच्या लेकराच्या जुन्या कबरीकडे बघत होत्या. त्यांच्या मागे लोक जमत गेले. कमिटीवाले, पालक, हॉलमध्ये हसलेले सगळे. कोणी मान उंच करून बघत होतं, कोणी म्हणत होतं, काय झालं, पाणी द्या कोणीतरी. टीचर जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मीही हात पसरले.

मग प्रार्थना म्हणत फादर आले, हातात पवित्र पाण्याचं भांडं, मागे अख्खा गाव. कोपऱ्यातल्या कबरींवर जायला त्यांनाही तीच वाट होती. ते थांबले. त्यांनी टीचरकडे पाहिलं, टीचरच्या मागे जमिनीवर रडणाऱ्या दोघींकडे पाहिलं.

"पलीकडून जा, फादर," टीचर म्हणाल्या.

फादरनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि चिखलात उतरले. त्यांच्यामागून सगळं गावठाण चिखलातून, पलीकडून गेलं.